घरच्या कपड्याला घरचा हात

प्रयोगशाळेत बाईंना सगळे 'वधूवर सूचक मंडळ' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि बाई हसत. कामच तसं होतं. माणसाच्या एका पेशीतली शेहेचाळीस गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली वाटेल तशी विखुरलेली असायची, एक आडवं, एक उभं, दोन एकमेकांच्या अंगावर पडलेली. बाईंनी ती ओळखायची आणि त्यांच्या तेवीस जोड्या लावायच्या. आता हे पडद्यावर होतं. पण बाई नोकरीला लागल्या तेव्हा फोटो काढायचा, कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचं आणि कागदावर डिंकाने चिकटवायचं, अशी रीत होती. कुणी शेजारी येऊन शिंकलं की बाई ओरडायच्या, "अहो, अर्धा माणूस उडवलात माझा!"

"जमली का स्थळं?" दारातून कुणीतरी विचारायचं.

"बावीस जमली. तेविसाव्यातली एक पळून गेलीय."

त्यांच्या विभागात गाठींचे तुकडे येत. गाठीच्या पेशींमध्ये गुणसूत्रं मोडतात, त्यांचे तुकडे गळतात. कुठला तुकडा गळलाय त्यावरून ती गाठ किती खोडसाळ निघेल याचा अंदाज येतो. मूत्रपिंडाच्या नेहमी दिसणाऱ्या कर्करोगात तीन नंबरच्या गुणसूत्राचा आखूड भाग बहुधा गेलेलाच असतो. ती त्या गाठीची ओळखच. त्यावर नऊ नंबरचाही तुकडा गेला असेल, चौदाचाही गेला असेल, तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. अशी गाठ कापून काढली तरी पुन्हा उगवायची भीती जास्त.

नव्याने शिकायला आलेल्यांना बाई पहिल्याच दिवशी एक भाषण द्यायच्या. वीस वर्षं तेच भाषण, शब्द न बदलता. "गाठीचा तुकडा बाटलीत वाढवायला ठेवला की त्यात दोन प्रकारच्या पेशी वाढतात. एक गाठीच्या. दुसऱ्या शेजारच्या, धडधाकट. या धडधाकट म्हणजे आगंतुक पाहुणे. बोलावलेलं नसतं, पण येतात आणि सगळी जागा अडवून बसतात. तेव्हा वीसच्या वीस पेशी स्वच्छ दिसल्या तर नाचू नका. मूत्रपिंडाची गाठ आहे आणि तीन नंबर शाबूत दिसतोय? मग तुम्हाला गाठ सापडलेलीच नाही. पाहुण्यांचेच फोटो काढून आलात."

ही नजर बाईंना मिळाली ती भावाकडून.

दादा त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. रफूगार. एका चिंचोळ्या रस्त्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्याचं दुकान. वर राहायची खोली. काचेच्या खिडकीशी टेबल, टेबलावर डोळ्याला लावायचं भिंग, सुयांची चपटी डबी, आणि खुंट्यांवर लोकांचे कोट, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. सिगारेटने जळलेलं, कसरीने खाल्लेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं, सगळं तो असं भरून द्यायचा की मालकालाच भोक सापडायचं नाही. दोरा बाहेरचा वापरायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, धागा ओढून काढायचा आणि एक उभा, एक आडवा असा विणत जायचा.

बाई दहा वर्षांच्या असताना त्याने भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिलं होतं.

"काय दिसतंय, ठमे?"

"धागे."

"धागे काय, कुणालाही दिसतात. नसलेला धागा कुठाय?"

बाईंचं शिक्षण त्या दिवशी झालं. पुढचं सगळं नुसतं पाठांतर. मोठेपणी त्यांनी दादाला आपलं काम समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझंच की. फक्त तुझं गिऱ्हाईक कोट घेऊन येत नाही, स्वतःच येतं." कौतुक? छे. दादाच्या तोंडून 'बरंय' निघालं तरी तो मोठा मान समजायचा.

दादाचा एक नियम होता, वडिलांपासून चालत आलेला. घरच्या कपड्याला घरचा हात लावायचा नाही. माया असली की हात हलतो आणि डोळा खोटं बोलतो, असं वडील म्हणायचे. वहिनी होती तेव्हा तिची शालसुद्धा दादा चौकातल्या दुसऱ्या रफूगाराकडे द्यायचा. वहिनी कपाळाला हात लावायची, "रफूगाराच्या घरात भोकं, ऐकलंय का कुणी?" बाईंच्या पांढऱ्या कोटाला कोपरापाशी आम्लाने भोक पडलं होतं, त्याला तीन वर्षं झाली. दर भेटीत तोच संवाद.

"दादा, एवढं भर ना रे."

"चौकातल्याकडे टाक."

"तो सुईने करतो की फावड्याने?"

"मग भोकासकट फिर. वारं लागतं छान."

असा नियम प्रयोगशाळेतही होता. आपल्या माणसाचा तुकडा आला तर आपण बघायचा नाही, दुसऱ्याने बघायचा. बाईंचा जोडीदार होता, त्याला सगळे शंकासुर म्हणत; सूर्य उगवला तरी तो दोनदा तपासून घेईल, असा माणूस. बाईंनीच शिकवून तयार केलेला.

दादाला लघवीतून रक्त जायला लागलं, ते त्याने दोन महिने कुणाला सांगितलं नाही. "बीट खाल्लं असेल," स्वतःशीच म्हणत राहिला. बीट त्याने आयुष्यात खाल्लेलं नव्हतं. शेवटी लेकीने बाथरूममध्ये बघितलं आणि ओढून नेलं. डावं मूत्रपिंड गाठीसकट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "दिसत होती तेवढी सगळी निघाली. आता गुणसूत्रांचं बघू, म्हणजे किती डोळ्यात तेल घालून राहायचं ते कळेल."

तुकडा बाईंच्याच विभागात आला. नावाच्या जागी नुसता नंबर. पण तो नंबर बाईंना पाठ होता. त्यांनी साहेबांना आपणहून सांगितलं. "शंकासुर बघेल," साहेब म्हणाले. "बघू दे," बाई म्हणाल्या. इथवर सगळं नियमाने चाललं.

अडचण होती ती लेकीची. दादाची एकुलती एक पोर, जहाजावर इंजिनं सांभाळायची. सुट्टीवर घरी आलेली, वडिलांसाठी सुट्टी वाढवून थांबलेली. नवं जहाज नऊ महिन्यांसाठी निघणार होतं आणि येते की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. एकदा समुद्रात गेलं की मध्येच उतरणं सोपं नाही.

"मी थांबते, बाबा."

"थांबून काय करशील? माझ्याकडे बघत बसशील? मी काय इंजिन आहे, आवाज आला की उघडायला?"

"आवाज येतोच तुमचा, चोवीस तास." मग ती आत्याकडे वळली. "आत्या, तू सांग. तू म्हणालीस जा, तर जाते. मला डॉक्टरांचं 'बघू, बघू' कळत नाही. तुझं कळतं."

दादा उशीला टेकून म्हणाला, "ठमे, तुझं ते धाग्यांचं कधी कळेल?"

"दोन बाटल्या लावल्यात. एक भराभर वाढतेय. दुसरी रेंगाळतेय. शंकासुर दोन्ही बघितल्याशिवाय तोंड उघडणार नाही. पुढचा मंगळवार धर."

"आणि शुक्रवार?"

बाईंनी त्याच्या पाठची उशी सारखी केली.

गुरुवारी पहिल्या बाटलीच्या काचपट्ट्या तयार झाल्या. दुपारी सगळे जेवायला गेले. बाईंनी डबा उघडला, परत लावला, आणि सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसल्या. फक्त एक पेशी, असं स्वतःला सांगून. पहिल्या पेशीत शेहेचाळीस. दुसरीत शेहेचाळीस. तीन नंबरची जोडी बघितली. दोन्ही सारखी, आखूड भागासकट, जिथल्या तिथे. नऊ बघितलं, चौदा बघितलं. वीस पेशी मोजायची पद्धत; बाईंनी तीस मोजल्या. एकाही ठिकाणी काही कमी नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि भिंगापुढचं सगळं विरघळून गेलं.

कोट अंगात तसाच ठेवून त्या दादाच्या जिन्याशी पोचल्या, वर चढताना धाप लागली.

"स्वच्छ आहे."

दादाने वर बघितलं. "नसलेला धागा?"

"एकही नाही. तीस पेशी बघितल्या, दादा. वीस पुरतात."

"शंकासुर काय म्हणाला?"

"त्याचं जाऊ दे. मी बघितलं ना!"

दादाने एकदा मान डोलावली. मग पोरीला म्हणाला, "ऐकलंस? जा आता. आणि जाताना तुझे ते हत्तीसारखे बूट घेऊन जा, मी दोनदा अडखळलोय."

पोरीने आत्याला उचलून गरकन फिरवलं. शुक्रवारी होकार गेला. रविवारी ती गेली.

मंगळवारी शंकासुराने हाक मारली. "बाई, जरा बसता का?"

"उभी बरी आहे."

"पहिल्या बाटलीत सगळे पाहुणेच होते." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही दुसरी."

बाई बसल्या. तीन नंबरच्या जोडीतलं एक गुणसूत्र बुटकं. ठीक, ते असतंच. नऊ नंबरचं एक, वरून छाटल्यासारखं. चौदाचं एक नव्हतंच. पुढची पेशी, तेच. त्याच्या पुढची, तेच.

"मी तुम्हाला काय सांगणार," शंकासुर म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय."

"हो."

"बाई, तुम्ही घरी काही बोललात का?"

बाई पडद्याकडेच बघत होत्या.

"बोललात," तो हळूच म्हणाला.

"तीन नंबर शाबूत होता रे. वीस वर्षं पोरांना सांगतेय, शाबूत दिसला तर समजा गाठ सापडली नाही. मी बघितला. शाबूत होता. आणि मला आनंद झाला."

त्या दिवशी त्या दादाकडे गेल्या नाहीत. बुधवारीही नाही. अहवाल डॉक्टरांकडे गेला होता. दादाची तारीख दहा दिवसांनी होती. डॉक्टर सांगतीलच की. सांगणं हे त्यांचं काम, आपलं नाही, नियमच आहे तसा. सांगताना नियम मोडला आणि आता लपताना त्याच्याच मागे उभ्या राहिल्यात, हे बाईंना कळत होतं. जहाज रोज पुढे जात होतं, तेही कळत होतं.

शुक्रवारी त्या गेल्या. दादा वर नव्हता. खाली दुकानात, भिंग लावून, कुणाच्यातरी राखी कोटाची बाही मांडीवर घेऊन बसला होता.

"तुला उठायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"बसलोय. उठलोय कुठे?"

बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर टेकल्या. "दादा, मी चुकले."

सुई थांबली नाही. एक उभा, एक आडवा. मग तो म्हणाला, "भोक केवढं?"

"तीन जागी आहे."

"मोठं?"

"एक सगळ्यांनाच असतं. बाकीची दोन नको होती."

"म्हणजे परत येणार."

"येईलच असं नाही. ते लक्षण आहे, निकाल नाही. पण शक्यता जास्त आहे. बरीच जास्त."

"भरता येत नाही?"

"नाही रे. धागा कुठल्या दुमडीतून काढू?"

दादाने भिंग डोळ्यावरून काढलं. त्या जागी लाल वळ उमटला होता. "मग गुरुवारी काय बघितलंस?"

बाईंनी सांगितलं. आगंतुक पाहुणे, धडधाकट पेशी, शेजारच्या. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "म्हणजे तू माझा चांगला भाग बघून आलीस."

"घरच्या कपड्याला..." बाई म्हणाल्या.

"वडील वेडे नव्हते आपले." तो बाहीवरून अंगठा फिरवत राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पोर गेली, ठमे," एवढंच म्हणाला.

"मी कळवते तिला."

"नको. नऊ महिन्यांचं तर आहे. येईल."

"दादा, नऊ महिने..."

त्याने मान वर केली. "नाहीत?"

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण माझ्या शब्दावर गेलीय ती. तो शब्द खोटा निघाला. खरा काय ते तिला कळलं पाहिजे. मग यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

"नोकरी जाईल तिची."

"जाईल. आणि तू तिला न सांगता गेलास तर? तेव्हा मी कुठल्या तोंडाने उभी राहू तिच्यापुढे?"

दादाने फोन त्यांच्याकडे सरकवला.

जहाजावरचा आवाज उशिरा पोचायचा. आपण बोललो की मध्ये पोकळी, मग उत्तर.

"आत्या?" पोकळी. "बाबा बरे आहेत ना?"

बाईंनी सगळं सांगितलं. बाटल्या, पाहुणे, तीन, नऊ, चौदा. सांगून झालं तरी पलीकडून काही नाही. ही नेहमीची पोकळी की दुसरी, कळेना.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"तीन दिवस तू गप्प बसलीस."

"बसले."

पुन्हा पोकळी. "बाबा काय करतायत?"

बाईंनी समोर बघितलं. "सुईत दोरा ओवतायत," त्या म्हणाल्या. "ओवला जात नाहीये."

सात आठवड्यांनी ती एका बंदरावर उतरली आणि मिळेल त्या वाहनाने घरी आली. आत्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप समोर आदळला, "घे, गार होतोय," आणि तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं. पण पूर्वीचं 'तू सांग, तुझं कळतं' ते गेलं, ते गेलंच. त्यानंतर ती डॉक्टरांना विचारायची, आणि डॉक्टरांनाही दोनदा. शंकासुराला ती फार आवडली.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत फुप्फुसात ठिपके निघाले. गोळ्या सुरू झाल्या. ठिपके थोडे दिवस जागच्या जागी थांबले, मग थांबेनासे झाले.

मध्ये एकदा दादा म्हणाला, "ठमे, मला बघायचंय ते."

"काय?"

"माझं भोक. पडद्यावर नको. हातात दे."

बाईंनी शंकासुराच्या काचपट्टीचा फोटो छापून घेतला, आणि कपाटाच्या तळातून जुनी कात्री काढली. कित्येक वर्षांत त्या कात्रीने गुणसूत्रं कापली नव्हती. एकेक कापून, डिंक लावून, तेवीस जोड्या कागदावर लावल्या. दादाने भिंग लावलं आणि कागद खिडकीशी धरला. बाईंनी बोट दाखवलं नाही.

"हा एक," तो म्हणाला. तीन नंबर. कागद थोडा सरकवला. "आणि हा. वरून उसवलाय." नऊ. मग बराच वेळ शोधत राहिला. "आणि इथे तर जोडीच नाही. एकटाच आहे बिचारा."

"हो."

"दुमडीत नाही ना कुठे? नीट बघितलंस?"

"शंकासुराने बघितलं. नीट."

दादाने कागद उजेडात आडवा धरून डिंकाच्या कडा बघितल्या. कुठे ओघळलेला नव्हता. "सरळ लावलंयस," तो म्हणाला. "चांगलं काम आहे."

पन्नास वर्षं बाई हे ऐकायला थांबल्या होत्या. ऐकलं आणि त्या उठून आत गेल्या. आत पोर भांडी घासत होती, तिने काही न विचारता बाजूला सरकून जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी दादा लेकीला म्हणाला, "आत्याचा कोट आण. तो पांढरा."

"बाबा, घरचा आहे तो."

"माहितीये."

गोळ्यांनी त्याचे तळहात सोलले होते. सुई धरली की कळ जायची. आठ दिवस लागले. खालच्या दुमडीतून पांढरा धागा ओढून, एक उभा, एक आडवा. बाईंनी कोट हातात घेतला. कोपरापाशी भोक नव्हतं. त्या जागी वाटाण्याएवढी, जरा चुरगळल्यासारखी जागा होती. दुरूनही दिसत होती.

"दादा, हे दिसतंय."

"दिसणारच. घरचा हात आहे."

आठवा महिना सरता सरता, एका सकाळी, तो गेला. पोर उशाशी होती, बाई पायाशी.

त्यानंतर दोघी रोज दुपारी दुकान आवरायला जायच्या. खुंटीवरचे कपडे चिठ्ठ्या बघून ज्याचे त्याला परत करायचे होते. चौथ्या आठवड्यात राखी कोटवाला आला. लांब कुठेतरी गेलेला, त्याला काही माहीत नव्हतं.

"झालाय का हो? बाहीला भोक होतं."

पोरीने कोट काढला. चिठ्ठीवर दादाच्या अक्षरात 'झाला' लिहिलेलं होतं. "कुठल्या बाहीला?"

"आता मलाच आठवत नाही. उजव्या? डाव्या असेल."

पोरीने दोन्ही बाह्या उलटसुलट करून बघितल्या. आत्याकडे दिला. बाईंनी खिडकीशी नेऊन दादाचं भिंग लावलं आणि एक बाही बघितली, मग दुसरी. मनगटापासून खांद्यापर्यंत, सावकाश. सगळे धागे जागच्या जागी होते.

"सापडत नाही," बाई म्हणाल्या.

"वा!" गिऱ्हाईक खुशीत म्हणालं. "सांगा त्यांना, काम एक नंबर." आणि कोट खांद्यावर टाकून निघून गेलं.

पोर रिकाम्या खुंटीकडे बघत उभी राहिली.

"आत्या."

"काय गं?"

"नऊ महिने झाले. आमचं जहाज आज धक्क्याला लागलं असेल."

बाईंनी भिंग पुसून डबीत ठेवलं. पोर जवळ आली, त्यांच्या कोपरापाशी, त्या चुरगळलेल्या जागेवर हात ठेवून तशीच थांबली.